चौथ्या मजल्यावरचं कपाट : उपविधी न पाळणाऱ्या सभासदाचं करायचं काय?

मधला_जिना (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय, तेही अडलंय म्हणून.

आमची सोसायटी डोंबिवलीत. १९९४ ची इमारत, पाच मजले, चाळीस सदनिका, दोन जिने आणि पावसाळ्यात मनाला येईल तेव्हा चालणारी एक लिफ्ट. एप्रिलमध्ये नवी समिती आली आणि सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच बैठकीत मी चहा सांगायला उठलो, परत आलो तर टाळ्या वाजत होत्या.

तर विषय असा. चौथ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी एका सभासदाने लाकडी कपाट ठेवलंय. चपलांसाठी म्हणून आलं होतं. आता त्याच्या डोक्यावर गणपतीचं मखर, बगलेत गुंडाळलेली चटई आणि पुढ्यात पोराची सायकल. गेल्या दिवाळीत त्यांनी पॅसेजच्या टोकाला कोलॅप्सिबल गेटही लावून घेतलं, कुलपासकट. पाण्याच्या डक्टचं दार नेमकं त्या गेटच्या आत आहे. प्लंबर आला की आधी त्यांना फोन करायचा, ते ऑफिसातून बायकोला फोन करणार, मग वहिनी किल्ली घेऊन बाहेर येणार.

तीन नोटिसा झाल्या. प्रत्येकीला एकच उत्तर, "आधी दुसऱ्या मजल्यावरचं बघा."

मागच्या समितीने गेल्या जुलैपासून त्यांच्या बिलात दरमहा ५०० रुपये 'पॅसेज दंड' लावला. ते तेवढे वजा करून बाकीचं मेंटेनन्स वेळेवर भरतात. हिशेब लिहिणारा मुलगा थकलेल्या दंडावर २१ टक्क्यांनी व्याज चढवतो. आकडा साडेसात हजारांच्या पुढे गेलाय. समितीत दोन मतं आहेत. एक म्हणतं, पाणी तोडा, दोन दिवसांत सरळ येतील. दुसरं म्हणतं, वॉचमनला सांगून कपाट खाली आणून ठेवा.

माणूस वाईट नाही हो. लॉकडाऊनमध्ये माझ्या आईची औषधं यांनीच आणून दिली होती. पण नियम म्हणजे नियम ना? काय करता येतं ते सांगा.

पेठेतला_पाहुणा

पाटी लावून पाहिलीत का? 'येथे कपाट ठेवणाऱ्याने कपाटातच राहावे.' आमच्या वाड्यात असल्या चार पाट्यांवर पन्नास वर्षं राज्य चाललं.

(हेल्मेटचा कायदा आम्ही पुणेकरांनी कसा पाळला ते सर्वश्रुत आहे, त्यामुळे कर्तव्य वगैरेवर मी बोलणार नाही. वाचतोय.)

निर्भीड_नाना

अहो, नोटिसा कसल्या पाठवताय! रविवारी सकाळी चार माणसं घ्या, कपाट उचला, गेटावर सोडा. आमच्याकडे एका सायकलीचं असंच केलं. परत दिसली नाही.

सावनी_म

नाना, परत दिसली नाही म्हणजे कुठे गेली?

निर्भीड_नाना

ते नका विचारू.

लेखापरीक्षा_२५

धागाकर्ते, गेली पंचवीसेक वर्षं मी सोसायट्यांची दप्तरं तपासतोय. तुमच्यासारख्या प्रकरणात माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तुमच्या सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी (म्हणजे सोसायटीची स्वतःची नियमावली) कुठले? नेटवरून उतरवलेली पीडीएफ नको. सहकार खात्याच्या उपनिबंधकाचा शिक्का असलेली प्रत कपाटात (तुमच्या, त्यांच्या नव्हे) आहे का ते बघा.

हे आधी विचारायचं कारण असं. २०१४ साली सहकार खात्याने गृहनिर्माण संस्थांसाठी नवे आदर्श उपविधी काढले. सहकारी संस्थांबाबतची ९७ वी घटनादुरुस्ती झाली, मग २०१३ मध्ये राज्याच्या सहकार कायद्यात बदल झाले आणि त्याला धरून हे आले. पण 'आदर्श' म्हणजे नमुना. आपल्या सभेत हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश बहुमताने ते स्वीकारायचे आणि उपनिबंधकाकडून नोंदवून घ्यायचे. तोवर तुमच्या सोसायटीला जुनेच लागू. निम्म्या सोसायट्या भांडतात २०१४ च्या पुस्तकावरून आणि दप्तरात असते नव्वदच्या दशकातली पिवळी पुस्तिका.

आता कपाटाकडे येतो. २०१४ च्या उपविधीत जिना, जिन्यातली मोकळी जागा, पॅसेज असल्या सामाईक जागा अडवायला साफ मनाई आहे. अडवली तर मोकळी करून द्यायची, आणि जितके महिने अडवली तितके महिने मासिक देखभाल शुल्काच्या पाचपट रक्कम भरायची. बाकीच्या उल्लंघनांसाठी दंड किती ते सर्वसाधारण सभेने ठरवायचं आणि वर्षभरात एकूण दंड ५,००० रुपयांच्या वर जाता कामा नये. शिवाय आधी कारणे दाखवा नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, मग निर्णय. हा क्रम चुकला की सगळं मुसळ केरात.

तुमचे ५०० रुपये कोणी ठरवले? सभेने की समितीने? इतिवृत्तात ठराव आहे का, सूचक-अनुमोदकाच्या नावासकट?

मधला_जिना

ठराव सापडत नाही. मागच्या सेक्रेटरींना फोन केला, तर म्हणाले, "सगळ्यांचं तसंच मत होतं." उपविधींची प्रत मिळाली. तुम्ही म्हणता तीच पिवळी पुस्तिका. मुखपृष्ठ नाही, मधल्या दोन पानांना वाळवी लागलीय.

लेखापरीक्षा_२५

मग १४ महिन्यांचा दंड हवेत आहे. त्यावरचं व्याज तर हवेवर बांधलेला मजला. २१ टक्के ही थकबाकीवर आकारायच्या सरळव्याजाची कमाल मर्यादा. तो दरसुद्धा सभेने ठरवायचा असतो, आणि मुळात जी रक्कम देय नाही तिच्यावर व्याज कुठून आलं? उलटी नोंद करून रक्कम काढून टाका. ते गृहस्थ सहकार न्यायालयात गेले तर हा कागद पहिल्या तारखेला तुमच्यावरच उलटेल.

पाणी तोडायचा विचार तर डोक्यातून काढाच. पाणी ही जीवनावश्यक सोय. थकबाकी असो, अतिक्रमण असो, पाण्याचा व्हॉल्व्ह हे सोसायटीचं हत्यार नाही. तोडलं की पोलीस ठाण्यात उभं राहणारा माणूस सेक्रेटरी असतो, समितीत सल्ला देणारा नव्हे. कपाट परस्पर उचलण्याचंही तेच. उद्या ते म्हणाले, आत चांदीची भांडी होती, तर वॉचमन काय सांगणार?

निर्भीड_नाना

म्हणजे नियम मोडणारा निवांत आणि नियम सांगणाऱ्याने कायदा शिकायचा! म्हणूनच या देशात कोणी काही पाळत नाही.

सावनी_म

नाना, राग समजतो. माझाही आहे, म्हणून लिहिते.

तीन वर्षांपूर्वी बाबांना पहाटे छातीत दुखायला लागलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रुग्णवाहिकेतली दोन मुलं स्ट्रेचर घेऊन वर आली. खाली नेताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. तिथे एक चपलांचं रॅक आणि त्यावर दोन मनीप्लांट. मुलांनी दोनदा तिरकं करून पाहिलं, बाबा घसरायला लागले. मग घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली, त्यांना पंच्याने खुर्चीला बांधलं आणि तसे नेले. रॅकवाल्या काकू दार उघडून बाहेर आल्या, मनीप्लांटची बाटली छातीशी धरून उभ्या राहिल्या. त्या रडत होत्या. बाबा वाचले. ते रॅक आजही तिथेच आहे. मी काही बोलले नाही, कारण काकू दर आठवड्याला बाबांना विचारायला येतात.

नियम मोडणारा वाईट असता तर सोपं होतं.

मधला_जिना

सावनीताई, हे वाचून जरा वेळ काही सुचलं नाही.

पूर्वेचा_वारा

सिंगापूरहून. इथे बहुतेक लोक सरकारी वसाहतींत राहतात आणि समोर लांबलचक सामाईक पॅसेज असतो. अग्निशमन खात्याचा नियम एका आकड्याचा आहे. पॅसेजमध्ये १.२ मीटर वाट मोकळी हवी. त्यात बसत असेल तर चपलांचं रॅक चालतं. नाही बसत? मग टाउन कौन्सिलची (वसाहतीची देखभाल बघणाऱ्या संस्थेची) चिठ्ठी येते, मुदत दिली जाते, नंतर वस्तू उचलली जाते. माझ्या शेजारच्या चिनी आजीच्या कुंड्या अशाच गेल्या. तिने आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन उरलेल्या कुंड्यांचं अंतर मोजत बसली होती.

मला यात आवडतं ते मोजमाप. 'अडथळा होईल असे काही ठेवू नये' म्हटलं की अडथळा कशाला म्हणायचं यावर तासभर वाद. १.२ मीटर म्हटलं की टेप काढा.

पेठेतला_पाहुणा

आमच्याकडे टेप कोणाची यावरून वाद होईल.

भाड्याचं_घर

तुम्ही सगळे मालक लोक. जरा आमचंही ऐका.

गेल्या नऊ वर्षांत चार सोसायट्या झाल्या. उपविधी पाळायची वेळ आली की पहिला दाखवला जातो भाडेकरू. एका ठिकाणी सामानाच्या लिफ्टनेच जायचं. दुसरीकडे रात्री दहानंतर पाहुणे नकोत. तिसऱ्या ठिकाणी 'एकट्या मुलींना देत नाही', तेही छापील नियमावलीत, खाली सेक्रेटरींची सही. मी विचारलं, हे उपविधीत कुठे आहे? उत्तर आलं, "आमच्या सोसायटीचे अंतर्गत नियम आहेत." आणि ज्या पॅसेजमधून मला लाज वाटेल असं जावं लागायचं, तिथे अध्यक्षांचं जुनं वॉशिंग मशीन.

त्यामुळे 'पाळणं हे कर्तव्य' म्हणताना आधी सांगा, पाळायचं नक्की काय?

लेखापरीक्षा_२५

रास्त प्रश्न आहे. थोडं सविस्तर लिहितो.

उपविधी हा विधिमंडळाने केलेला कायदा नव्हे. तो सभासद आणि संस्था यांच्यातला, आणि सभासदांचा आपसातला करार असतो. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हेच धरलं. त्या सोसायटीत सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी होता. तो ठाऊक असून सभासद झालेल्याला मागाहून तो अंगाला टोचतो म्हणून झटकता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. निकाल अनेकांना पचला नाही, मलाही पूर्ण पचलेला नाही. पण त्यातला कराराचा मुद्दा कपाटाला तंतोतंत लागू पडतो. सभासदत्वाच्या अर्जावर सही करताना 'उपविधी वाचले असून ते मला बंधनकारक आहेत' अशी ओळ असते. वाचलेले कोणीच नसतात, ही गोष्ट वेगळी.

दुसरी बाजू तुमची. करार आहे म्हणून समितीने त्यात मनाला येईल ते घुसडायचं नाही. उपविधी कायद्याशी सुसंगत हवेत, सभेने मंजूर केलेले आणि उपनिबंधकाने नोंदवलेले हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला 'अंतर्गत नियम' हा उपविधी नाही. २०१४ च्या उपविधीनुसार घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगीसुद्धा लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेली माहिती जोडायची, झालं. बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा लागणारं) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही. शासनाचा तसा आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे. तरी दुप्पट-तिप्पट लावणाऱ्या सोसायट्या मी दरवर्षी पाहतो. तेच लोक मग चौथ्या मजल्यावरच्या सभासदाला कर्तव्याचे धडे देतात.

कट्ट्यावरचा_गजू

धागा चांगला चाललाय. अवांतर : आमच्या बिल्डरने स्टिल्टमधलं (इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेतलं) पार्किंग मला तीन लाखांना विकलं होतं आणि आता सोसायटी म्हणते चिठ्ठ्या टाकणार. माझे तीन लाख?

लेखापरीक्षा_२५

गजूभाऊ, स्टिल्ट पार्किंग बिल्डरला विकताच येत नाही, हे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून झालंय. पैसे बिल्डरकडे मागा. वेगळा धागा काढा, इथे नको.

शिवारातला

मी पारनेर तालुक्यातला. फ्लॅटबिट नाही, वाडा आहे, त्यामुळे पॅसेजचं दुखणं नाही. पण नियम पाळायचं दुखणं आमच्याकडंही हाय.

जवळच हिवरे बाजार. १९८९-९० ला पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा गाव दुष्काळी, दारूच्या भट्ट्या, निम्मी माणसं मुंबई-पुण्याला. ग्रामसभेनं ठरवलं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. नंतर शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा, किती पाऊस झाला, विहिरीत किती आहे, आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचं ते सभेत ठरवायचं. आता मला सांगा, स्वतःच्या रानात स्वतःच्या पैशानं बोअर पाडण्यापासून माणसाला कुठलं कलम अडवतं? तरी लोकांनी पाळलं. आज बाहेरून लोक बघायला येतात.

ते बघून आमच्या गावानं पण चराईबंदीचा ठराव केला. ढोल वाजवून. चौथ्या महिन्यात डोंगरावर शेळ्या दिसल्या. कोणाच्या? सरपंचाच्या चुलत्याच्या. सरपंच म्हणाला, म्हातारा माणूस हाय, जाऊ द्या. पुढच्या आठवड्यात सगळ्या गावाच्या शेळ्या डोंगरावर. ठराव अजून दप्तरात हाय. आमचं गवत गेलं, सही राहिली.

निर्भीड_नाना

हे बघा! गावात पूर्वी हुक्का-पाणी बंद करायचे. लग्नाला बोलावणं नाही, किराणा नाही. आठवड्यात माणूस वठणीवर. ते पाहिजे सोसायटीत.

शिवारातला

नाना, ते वाळीत टाकणं ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. रोटी-बेटी तुटायची, मयताला खांदा मिळायचा नाही. कोकणात तर अगदी अलीकडंपर्यंत चाललं होतं. म्हणूनच २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आला, २०१७ च्या जुलैपासून लागू हाय. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. हिवरे बाजारात वाळीत टाकून काम झालेलं नाही.

सावनी_म

सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ही आजची जात पंचायतच असते कधीकधी. आमच्याकडे थकबाकीदारांची नावं फोटोसकट टाकली होती. त्यातल्या एका बाईंचा नवरा त्याच महिन्यात गेला होता.

कट्ट्यावरचा_गजू

एक विचारू? धागाकर्त्यांनी अजून एक गोष्ट सांगितलेली नाही. दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं?

पेठेतला_पाहुणा

🍿

मधला_जिना

(दोन दिवसांनी)

गजूभाऊ, तुमचा प्रश्न रात्रीच वाचला होता. उत्तर लिहायला वेळ लागला.

दुसऱ्या मजल्यावर मी राहतो.

माझ्या दाराशी चपलांचं रॅक आहे. लोखंडी, चार खणांचं. मी स्वतःला सांगत आलो की ते भिंतीला चिकटून आहे, लहान आहे, कोणाला अडत नाही. काल रात्री सगळे झोपल्यावर टेप घेऊन बाहेर गेलो. पॅसेज चार फूट आठ इंच. रॅक चौदा इंच. बाहेर सोडलेल्या चपला धरल्या तर आणखी दहा. उरतात दोन फूट आठ इंच. सिंगापूरच्या हिशेबात तर माझी आजीच झाली असती.

आणि चौथ्या मजल्यावरचं कपाट? ते अठरा इंचांचं. म्हणजे त्यांच्या-माझ्यात चार इंचांचा फरक, आणि तीन नोटिसांवर सही माझी. (गेटचं वेगळं, ते अजूनही मला चुकीचंच वाटतं.)

बायकोला सांगितलं तर म्हणाली, "मग चपला काय डोक्यावर ठेवायच्या?"

शिवारातला

शेळ्या सापडल्या म्हणायच्या.

लेखापरीक्षा_२५

हे कबूल करणारा सेक्रेटरी मी पहिल्यांदा पाहतोय. कामाला लागू या.

एक. तुमची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवी, १४ दिवस आधी नोटीस. त्याच विषयपत्रिकेवर २०१४ चे उपविधी स्वीकारायचा ठराव घ्या. गणपूर्ती तुम्हाला वीस जणांची.

दुसरं, जुना दंड आणि व्याज रद्द केल्याचा ठराव. तो वाचून दाखवा, गुपचूप नोंद उलटवू नका.

मग नोटीस, पण सगळ्यांना. सामाईक जागेत ज्याची ज्याची वस्तू आहे त्याला, मजकूर तोच, मुदत तीच. पहिली नोटीस स्वतःला काढा. चेष्टा नाही करत. जावक नोंदवहीत पहिला क्रमांक तुमच्या सदनिकेचा असू दे.

एवढं करून गेट राहिलंच, तर सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात वाद दाखल करता येतो. वेळ लागतो, वकील लागतो. नुसती मेंटेनन्सची थकबाकी असती तर कलम १५४ ब-२९ खाली उपनिबंधकाकडून वसुली दाखला घेता आला असता. २०१९ च्या दुरुस्तीत गृहनिर्माण संस्थांसाठी जे वेगळं प्रकरण आलं त्यात ते आहे, पूर्वी कलम १०१ होतं. पण वादातला दंड त्या अर्जात घुसडू नका, अर्ज लोंबकळत राहतो. सभासदाला काढून टाकण्याची भाषा समितीत निघेलच. कलम ३५ त्यासाठी तीन-चतुर्थांश बहुमत आणि उपनिबंधकाची मान्यता मागतं. कपाटासाठी तिथे जाऊ नये.

अजून एक, हा कायद्यापेक्षा अनुभवाचा. इमारतीला अग्निशमन यंत्रणा असेल तर दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन दलाकडे द्यायचं असतं. २००६ चा कायदा आहे. सभासदांना समितीचा राग येतो, पण अग्निशमनवाल्या माणसाने पॅसेजमध्ये उभं राहून "इथून धूर कुठे जाणार?" असं विचारलं की ते ऐकून घेतात.

भाड्याचं_घर

आणि नोटीस भाडेकरूलाही द्या, पण मालकाच्या नावाने. कपाट बहुतेक मालकाचंच असतं.

मधला_जिना

(पाच आठवड्यांनी)

मंडळी, धागा वर काढतोय. सांगायचं राहिलं होतं.

सभा २८ सप्टेंबरला झाली. अर्ध्या तासाने का होईना, तेवीस जण आले. मी उभा राहून आधी दंडाची चूक वाचून दाखवली. मागचे सेक्रेटरी भडकले, "म्हणजे आम्ही चोर का?" दहा मिनिटं त्यात गेली. मग नोटिसांची यादी वाचली. पहिलं नाव माझं आलं तेव्हा कोणीतरी मागून हसलं. एकूण नावं निघाली सतरा. चाळीसपैकी सतरा! चपलांची रॅकं अकरा, सायकली सहा, कुंड्यांचा हिशेबच नाही, एक बंद फ्रीज आणि एक शिवणयंत्र, ज्याच्या मालकीणबाई २०१८ साली बदलापूरला गेल्या.

नवे उपविधी अठरा विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाले, दोघे तटस्थ. कागद उपनिबंधक कार्यालयात गेलेत, नोंदणी व्हायची आहे. तोवर पाचपट वगैरे काही लावता येणार नाही हेही सभेत सांगून टाकलं. समितीतले एक जण कानात म्हणाले, "हे कशाला सांगितलंत?"

माझं रॅक सभेच्या आदल्या रात्रीच आत घेतलं. भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिलाय, आजूबाजूचा रंग तेवढा काळवंडलेला. आतापर्यंत सतरातले बारा मोकळे झाले. फ्रीज भंगारवाल्याने ४०० रुपयांना नेलं, पैसे सोसायटीत जमा केले, पावती फाडली.

चौथ्या मजल्यावरचं कपाटही गेलं. मला वाटलं होतं भांडण होईल. ते गृहस्थ सभेत एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या दाराशी आले, रिकाम्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "मखर गच्चीवरच्या खोलीत ठेवू का, गणपतीपर्यंत?" मी म्हटलं, गच्चीची खोलीही सामाईक आहे. तेही हसले, मीही हसलो. मखर सध्या त्यांच्या बेडवर आहे म्हणे.

गेट मात्र तसंच आहे. म्हणतात, वरच्या मजल्यावर दोनदा चोरी झाली, कुलूप काढणार नाही. चोरी झाली होती हे खरं आहे. एक किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये टांगायला तयार झालेत, पण डक्टचं काम निघेल तेवढ्यापुरतीच. समितीत यावर पुन्हा दोन मतं. एक म्हणतं, चला, निम्मं तर मिळालं. मी दुसऱ्या बाजूला आहे. किल्ली केबिनमध्ये असली तरी पहाटे धूर झाला तर ती कोण आणणार? म्हणून लेखी म्हणणं मागवलंय, तारीख दिलीय. नोंदणी झाली की सुनावणी घेऊ.

सावनी_म

चौथ्या मजल्यावर वयस्कर कोणी आहे का?

मधला_जिना

त्यांची आई. ब्याऐंशी वर्षांच्या. तुमची खुर्चीची गोष्ट त्यांना पाठवू का, हा विचार तीनदा केला. तुमची परवानगी असेल तर.

सावनी_म

पाठवा. नाव नका लिहू. मनीप्लांटचं पण काढून टाका, काकू ओळखतील.

पेठेतला_पाहुणा

सगळं ठीक. पण चपला आता ठेवता कुठे?

मधला_जिना

दारामागे. दार पूर्ण उघडत नाही.